न मरणारा बिगुलवाला

'पार्टी' म्हटलं की मराठी माणसाला, निदान नाटकवेड्या मराठी माणसाला, आधी महेश एलकुंचवारांचं नाटक आठवतं. किंवा त्यावर गोविंद निहलानींनी १९८४ साली काढलेला सिनेमा. विजया मेहतांच्या घरी जमलेले लेखक, नट आणि समीक्षक, हातात ग्लास, तोंडी क्रांती, आणि ज्याच्याबद्दल सगळे बोलत असतात तो कवी पार्टीला आलेलाच नाही. बघून झाल्यावर दोन दिवस कुठल्याही समारंभाला जाववत नाही.

आज लिहायचंय ते दुसऱ्याच 'पार्टी'बद्दल. ब्लेक एडवर्ड्सचा 'द पार्टी', साल १९६८, नायक पीटर सेलर्स. या पार्टीला जो यायला नको होता तो आलाय, आणि तो आपल्यापैकीच एक आहे. म्हणजे निदान तसं मानायचं आहे. नाव ह्रुंडी व्ही. बक्षी. आता 'हंडी' आपण ऐकलीय, 'हुंडी' ऐकलीय, पण 'ह्रुंडी' नावाचा मनुष्य काश्मीर ते कन्याकुमारी कुणी पाहिला असेल तर जरूर कळवावे. :-)

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. थोडक्यातच सांगता येते, कारण ती तेवढीच आहे. बक्षी हा भारतातून हॉलिवूडला आलेला नट. शूटिंगमध्ये तो इतके घोळ घालतो की दिग्दर्शक त्याला हाकलून देतो आणि स्टुडिओच्या मालकाला फोन करतो. मालक रागारागाने समोरच्या कागदावर त्याचं नाव लिहून ठेवतो. पुन्हा याला काम द्यायचं नाही म्हणून. पण तो कागद असतो मालकाच्या घरच्या पार्टीच्या पाहुण्यांच्या यादीचा. झालं. बक्षीला रीतसर आमंत्रण जातं आणि तो आपली छोटी तीनचाकी गाडी घेऊन त्या आलिशान बंगल्यावर हजर होतो. पुढचा सगळा सिनेमा त्या एका घरात, एका रात्रीत.

आल्या आल्या बुटाला चिखल लागतो. तो धुवायला घरातूनच वाहणाऱ्या शोभेच्या पाण्यात बूट बुडवतो, तर बूट वाहून जातो. तो काढायला जावं तर बूट उडून थेट वेटरच्या खाण्याच्या तबकात. भिंतीवर बटणांची एक पाटी असते, ती दाबत सुटल्यावर घरच हलायला लागतं. जेवायला खुर्ची कमी पडते म्हणून याला मिळतं एक बुटकं स्टूल, तेही स्वयंपाकघराच्या उघडझाप करणाऱ्या दाराशेजारी. हनुवटी टेबलाला लागलेली. कापायला घेतलेली कोंबडी निसटते ती समोरच्या बाईच्या केसांतल्या मुकुटात जाऊन रुतते. आणि मग ते संडासातलं प्रकरण! टाकीत पडलेलं चित्र आणि संपता न संपणारा कागद. मी हे वर्णन करून सांगणार नाही. हसण्याच्या गोष्टी सांगून हसू येत नाही, हा नियम लग्नाच्या पंगतीत किस्से सांगणाऱ्या आमच्या काही काकांना अजून कळलेला नाही.

हे सगळं ज्या पद्धतीने केलं गेलं तेही सांगण्यासारखं आहे. पटकथा जेमतेम साठेक पानांची होती. एडवर्ड्सला मूकपटांच्या काळातल्यासारखा सिनेमा करायचा होता, जिथे माणूस, वस्तू आणि जागा यांच्यातूनच विनोद होतो. त्यामुळे दृश्यं क्रमाने चित्रित केली. आजचा गोंधळ कुठे संपला ते बघायचं आणि उद्याचा तिथून सुरू करायचा. कॅमेऱ्याला व्हिडिओची सोय जोडलेली होती, त्यामुळे घेतलेलं दृश्य तिथल्या तिथे बघता येई आणि सुधारून परत करता येई. जेरी लुईसने हे तंत्र आधी वापरलं होतं, पण त्या काळात ते अजून नवलाईचंच होतं. आज फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढून लगेच बघणाऱ्या पिढीला यात काय विशेष ते कळणार नाही. पण फिल्म धुऊन येईपर्यंत आपण काय केलं हेच न कळणाऱ्या विनोदी नटाला ही केवढी मोठी गोष्ट असेल!

फ्रान्समध्ये जाक ताती याच वाटेने गेला होता. त्याचा 'प्लेटाइम' डिसेंबर १९६७ मध्ये आला, त्यातही एक नवं कोरं हॉटेल उद्घाटनाच्या रात्रीच हळूहळू मोडत जातं आणि जसजसं मोडतं तसतशी माणसं मोकळी होत जातात. 'द पार्टी'तही तसंच होतं. सुरुवातीला घरात सगळे कडक इस्त्रीचे. शेवटी घर साबणाच्या फेसात बुडालेलं, आत एक हत्ती, आणि लोक पहिल्यांदाच मनापासून नाचताहेत.

असो. सिनेमाचं कौतुक बऱ्याच जणांनी केलंय. मला बोलायचंय ते पहिल्या पाच-सात मिनिटांबद्दल, कारण माझ्या मते त्यात इतिहासाचा एक धागा आहे आणि तो थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

सिनेमा सुरू होतो तो वाळवंटात, इंग्रजी फौज डोंगरातून चालली आहे. टेकडीवर एक नेटिव्ह बिगुलवाला उभा राहतो आणि इंग्रजांना सावध करायला बिगुल वाजवतो. शत्रू त्याला गोळ्या घालतात. तो पडतो. पण वाजवणं थांबवत नाही. परत गोळ्या. परत उठतो, परत वाजवतो, आणखी भेसूर. शेवटी त्याच्याच बाजूचे लोक वैतागून त्याच्यावर गोळ्या झाडायला लागतात, तरी याचं पों पों चालूच! मग कळतं की हे शूटिंग आहे, बिगुलवाला म्हणजे आपला बक्षी, आणि तयार होत असलेल्या सिनेमाचं नाव आहे 'सन ऑफ गंगा दीन'.

गंगा दीन कोण? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९० साली लिहिलेल्या कवितेतला भिस्ती. गोऱ्या सैनिकांना पाणी पाजणारा, त्यांच्या शिव्या आणि लाथा खाणारा, आणि शेवटी त्यांच्यासाठी मरणारा. १९३९ साली हॉलिवूडने त्यावर मोठा खर्चिक सिनेमा काढला. कॅरी ग्रँट वगैरे मंडळी तीन इंग्रज सार्जंट, कॅलिफोर्नियातले डोंगर म्हणजे आपला वायव्य सरहद्द प्रांत, आणि गंगा दीन झाला होता सॅम जाफी. न्यू यॉर्कचा ज्यू नट, अंगाला काळा रंग फासून. शेवटी हा गंगा दीन जखमी अवस्थेत देवळाच्या कळसावर चढतो, बिगुल वाजवून इंग्रज फौजेला वाचवतो आणि गोळी लागून मरतो. मेल्यावर त्याला सैनिकाचा दर्जा मिळतो. जिवंतपणी नाही, मेल्यावर! भारतीय चांगला केव्हा, तर साहेबासाठी बिगुल वाजवून वेळेवर मरतो तेव्हा.

हा सिनेमा इकडे गाजला नाही, पेटला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, कोर्डाच्या 'द ड्रम' या असल्याच सिनेमावरून मुंबईत निदर्शनं झाली होती. 'गंगा दीन' आल्यावर 'फिल्मइंडिया' मासिकाने त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली. हे मासिक मुंबईचं, १९३५ साली सुरू झालेलं, आणि संपादक आपले बाबूराव पटेल. बाबूरावांची लेखणी म्हणजे काय चीज होती हे जुन्या मंडळींना सांगायला नको. तिने भल्याभल्या नटनट्या आणि निर्मात्यांना सोडलं नाही, तर किपलिंग कोण? ख्वाजा अहमद अब्बास यांनी याच मासिकात 'गंगा दीन'वर तुटून पडणारा लेख लिहिला. बंगाल आणि मुंबई प्रांतात त्या सिनेमावर बंदी आली. लक्षात घ्या, राज्य इंग्रजांचं होतं. इंग्रजांची तारीफ करणारा सिनेमा इंग्रजांच्याच राज्यात बंद करावा लागला, कारण लोक ऐकून घेईनात.

हे डोक्यात ठेवून 'द पार्टी'ची सुरुवात परत बघा. ज्या क्षणी गंगा दीनने मुकाट मरायचं त्याच क्षणी बक्षी मरायला नकार देतो. तीस वर्षांपूर्वी ज्या मरणावर प्रेक्षकांनी डोळे पुसले, त्याची एडवर्ड्स आणि सेलर्स रेवडी उडवतात. मग वेळकाळाचं भान नसलेला बक्षी जुन्या काळाच्या दृश्यात मनगटावर घड्याळ घालून येतो. आणि शेवटी चपलेचा बंद बांधायला पाय ठेवतो तो नेमका सुरुंगाच्या दांड्यावर, आणि कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच अख्खा किल्ला उडतो! साम्राज्याचा तो पुठ्ठ्याचा किल्ला एका भारतीयाच्या चपलेने पाडला, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल की हा जरा जास्तच अर्थ काढतोय. काढतोय खरा. पण किल्ला पडतो हे तर खरं?

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता पुढे जाणं बरं नव्हे.

किल्ला पाडणारा तो भारतीय, भारतीय नव्हताच. सेलर्सचाही चेहरा रंगवलेलाच होता, सॅम जाफीसारखा. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्रजांच्या हवाई दलात होता आणि सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकाबरोबर भारतात येऊन गेला होता. आवाज टिपण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९६० साली 'द मिलियनेअरेस'मध्ये सोफिया लोरेनसमोर तो भारतीय डॉक्टर झाला, आणि त्या दोघांचं 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं इंग्लंडात तुफान चाललं. तिथून तो उच्चार इंग्लंडच्या कानात बसला. पुढे तिथल्या शाळांत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या मागे तोच उच्चार लागला.

भारतीय नट मिळत नव्हते का? मिळत होते की. आय. एस. जोहर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त काम करून आला होता. शशी कपूरने 'द हाउसहोल्डर' आणि 'शेक्सपिअरवाला' केले होते. पण अमेरिकेतल्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष भारतीय माणूस माहीतच कितीसा होता? १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना तिथे कायमचं राहायला जाता येई. ती देशवार मर्यादा १९६५ च्या कायद्याने उठवली आणि मग डॉक्टर, इंजिनिअर मंडळींची रीघ लागली. आपल्यापैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्या रांगेतूनच गेलंय. म्हणजे 'द पार्टी' बनत होता तेव्हा आपली ती पहिली पिढी नुकती बॅगा भरत होती. चेष्टा करायला बक्षी तयार होता, हरकत घ्यायला शेजारी जोशी-कुलकर्णी अजून पोचायचे होते.

या कथेला आणखी एक फाटा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. १९६७ साली सत्यजित राय 'द एलियन' नावाचा सिनेमा करायच्या बेतात होते. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं अशी गोष्ट. त्यात मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी सेलर्सचं नाव ठरत होतं. राय त्याला भेटायला हॉलिवूडला गेले तेव्हा तो 'द पार्टी'च्याच शूटिंगमध्ये होता. पुढे सेलर्सने अंग काढून घेतलं, आणि इतर भानगडी होऊन तो सिनेमा कधीच बनला नाही. 'द पार्टी'त बक्षीने घरात एक माकड पाळलंय. त्याचं नाव? अपू.

'पथेर पांचाली'तला अपू! आगगाडी बघायला काशाच्या फुलांतून धावणारा तो पोरगा. जगाने ज्याच्यासाठी रायना डोक्यावर घेतलं त्याचं नाव माकडाला. मुद्दाम दुखवायला ठेवलं असेल असं मला वाटत नाही. हॉलिवूडमध्ये कुणाला तरी एकच भारतीय नाव माहीत असणार, ते दिलं ठेवून. पण न कळता मारलेली चापटही लागतेच.

पुढची गंमत बघा. १९९० साली अमेरिकेतल्या 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत एक भारतीय दुकानदार आला. लेखकांनी त्याचं नाव रायच्या अपूवरून, आदराने म्हणे, अपू ठेवलं. आणि त्याला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने तो आवाज बेतला कशावर, तर 'द पार्टी'तल्या सेलर्सवर. म्हणजे बंगालच्या खेड्यातून निघालेलं नाव आणि इंग्लंडातून निघालेला नकली उच्चार, दोघांची गाठ पडली अमेरिकेतल्या एका किराणा दुकानात. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने यावर माहितीपट काढला. अझारियाने २०२० मध्ये तो आवाज देणं सोडलं आणि पुढच्या वर्षी जाहीर माफीही मागितली.

माझी भाची अमेरिकेतच जन्मली आणि वाढली. मी तिला मोठ्या हौसेने हा सिनेमा लावून दिला होता, तर बूट वाहून जायच्या आतच ती उठली. म्हणाली, "मामा, तुला हे फनी वाटतं कारण तुझ्या वर्गात कुणी तुझ्याशी असं बोलत नव्हतं." मी गप्प बसलो. तिच्या म्हणण्याला उत्तर नाही, आणि शोधूही नये. मी जिथे वाढलो तिथे वर्गातले सगळेच माझ्यासारखं बोलणारे. आम्ही बक्षीला हसलो ते साहेब आपली नक्कल करायला जातो आणि कशी फजिती होते याला. ती बक्षीला हसली असती तर ते स्वतःच्या आईबाबांना हसणं झालं असतं. सिनेमा एकच, पण कुठल्या खुर्चीत बसून बघताय यावर बरंच काही अवलंबून आहे.

आणि आपण तरी कुठे सोवळे? 'द पार्टी' आला त्याच १९६८ साली आपल्याकडे 'पडोसन' आला. मेहमूदने रंगवलेला तो मद्रासी गायन मास्तर, ती शेंडी, ते हेल काढून बोलणं. घराघरात आपण त्यावर लोळून हसलो, अजून हसतो. चेन्नईच्या माणसाला ते बघताना काय वाटत असेल हा विचार किती जणांच्या मनात आला? उलट हिंदी सिनेमात भांडी घासणारी बाई मराठी आणि वेंधळा हवालदार मराठी दिसला की मात्र आपलं रक्त उसळतं. दुसऱ्याच्या उच्चाराला हसायचं आणि आपल्याला कुणी हसलं की अस्मिता काढायची, हा खेळ आपल्याला चांगला जमतो.

मग बक्षीचं काय करायचं? बंदी? बाबूरावांच्या काळात ते बरोबर होतं, कारण तेव्हा समोर राज्यकर्ता होता आणि आपल्याला उलट बोलायला दुसरं साधन नव्हतं. आज साधनं आहेत. इंग्लंडातल्या आपल्या मुलांनी काय केलं बघा. त्यांनी त्याच 'गुडनेस ग्रेशस मी'चं नाव उचललं, १९९६ मध्ये रेडिओवर आणि १९९८ मध्ये बीबीसी टीव्हीवर आपला विनोदी कार्यक्रम त्याच नावाने सुरू केला, आणि गोऱ्यांची अशी काही टोपी उडवली की गोरेही हसले. ज्या काठीने मार खाल्ला तीच काठी हातात घेतली.

मी हा सिनेमा अजून बघतो. रंगवलेल्या चेहऱ्याकडे डोळेझाक करत नाही, पण त्या चेहऱ्यामागच्या माणसाकडेही करत नाही. कारण अख्ख्या पार्टीत सभ्य माणूस तो एकच आहे. बाकीचे एकमेकांना तोलताहेत. कोण कामाचा, कोण बिनकामाचा. एक निर्माता एका फ्रेंच मुलीला काम देण्याच्या नावाखाली नको त्या वाटेला न्यायला बघतो, ती नाही म्हणते, आणि तिला आधार देतो तो बक्षी. मालकाची पोरगी आणि तिचे मित्र हत्तीचं पिल्लू अंगभर घोषणा रंगवून घरात आणतात, तेव्हा 'हा माझ्या देशाचं प्रतीक आहे, त्याची अशी थट्टा बरी नाही' असं नम्रपणे सांगतो तोही बक्षीच. सगळे मग त्या हत्तीला धुवायला लागतात. म्हणूनच तो फेस. रंगवलेल्या हत्तीची लाज वाटणारा रंगवलेला भारतीय! हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे.

भाचीला मी परत आग्रह केला नाही. पण तिला एवढंच सांगितलं, की पुढेमागे कधी वाटलंच तर फक्त पहिली पाच मिनिटं बघ. आधी १९३९ चा 'गंगा दीन' बघ, मग ही पाच मिनिटं. एकाला मरायला सांगितलं आणि तो मेला. दुसऱ्यालाही सांगितलं, पण त्याचा बिगुल थांबेना. त्याला वाजवता येत नव्हतं, सूर भयंकर होता, आणि तोंडाला रंग परक्याने फासला होता, हे सगळं मान्य. तरी मला तो पहिल्यापेक्षा जवळचा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. काकांनी किस्से लिहिले तरी चालतील.